पातेले घातलेला शिपाई

चाळिशी उलटलेल्या, शाळेत मुलांना मराठी शिकवणाऱ्या आणि दोन-चार कादंबऱ्या नावावर असलेल्या बाईने आगगाडीच्या डब्यात बसून व्हिडिओ गेम खेळावा, हे काही शोभून दिसत नाही. मला ते ठाऊक आहे. दुपारी ठाण्याहून सुटणाऱ्या धीम्या गाडीत, बायकांच्या डब्यात, माझ्या शेजारणी मटार सोलतात, मेथी निवडतात, एखादी डोळे मिटून जप करते. आणि मी कंपासपेटीएवढे एक यंत्र उघडून त्यात मान घालते. पहिल्या दिवशी चौथ्या सीटवर अर्धी टेकलेली एक बाई माझ्याकडे पाहून म्हणाली, "मुलाचं दिसतंय. दुरुस्तीला नेताय का?" मी "हो" म्हटले. चक्क खोटे बोलले.

यंत्र मुलाचे नव्हे, भाच्याचे. गेल्या पावसाळ्यात घराच्या जिन्यावर माझा पाय घसरला आणि तीन आठवडे पलंगावर पडून राहण्याची शिक्षा झाली. वाचून वाचून डोळे चुरचुरू लागले. लिहावे म्हटले तर बसवेना. तेव्हा डोंबिवलीच्या आमच्या घरी भाचा हे यंत्र घेऊन आला. निन्टेन्डो या जपानी कंपनीचे ते 'थ्रीडीएस'. 2020 साली त्याचे उत्पादनच बंद झाले, म्हणजे तेही माझ्यासारखेच उताराला लागलेले. मी हात झटकले. "मला नको बाई तुझी ती ठो-ठो." तो म्हणाला, "मावशी, यात घाई नाही. तुझी खेळी होईपर्यंत शत्रू जागचा हलत नाही. तू चहा करून आलीस तरी चालेल."

या एका वाक्याने त्याने मला जिंकले. कारण घाई हाच या खेळांशी माझ्या वैराचा मुद्दा होता. आमच्या लहानपणी, नव्वदच्या सुमारास, टीव्हीला जोडायचे खेळ घराघरांत आले. 1983 साली जपानात निघालेल्या 'फॅमिकॉम' यंत्राच्या त्या नकला होत्या. त्यात मारिओ धावे, 'कॉन्ट्रा'मधले दोन दांडगे गोळ्या झाडीत. माझी बोटे मंद. मारिओ माझ्या हाती आला की पहिल्याच खड्ड्यात पडे. धाकटा भाऊ शेजारी बसून म्हणे, "ताई, मर लवकर, माझं राज्य आहे!" पुढे पुढे मी मरायलाही बसेनाशी झाले. आता भाच्याकडून कळते की त्याच फॅमिकॉमवर 1990 साली जपानात 'फायर एम्ब्लेम' नावाचा एक खेळ आला होता, ज्यात बोटांच्या चपळाईला काडीचीही किंमत नव्हती. पण आमच्या वाट्याला मारिओ आला आणि मी मंद ठरले.

हे खेळ म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हा परिच्छेद ओलांडावा. पडद्यावर पट असतो, त्याला बुद्धिबळासारखी घरे. पण घरांत कुठे झाडी, कुठे डोंगर, कुठे पडका किल्ला. आपली दहा-बारा माणसे एका बाजूला, शत्रू दुसऱ्या बाजूला. आधी आपण आपल्या प्रत्येक माणसाला हलवायचे, मग शत्रू आपली हलवतो. तलवार कुऱ्हाडीला भारी, कुऱ्हाड भाल्याला, भाला तलवारीला. इथवर हे आपले चतुरंगच. हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ मांडणाऱ्या आपल्या पूर्वजांना त्यात नवे काही वाटले नसते. 1824 साली प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी नकाशावरचा युद्धखेळ आला, 1974 साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला, त्यात प्रत्येक सोंगटीला नाव, स्वभाव आणि वाढते बळ मिळाले. आणि ते सगळे पुढे संगणकात शिरले. बुद्धिबळाशी फरक आहे तो एवढाच, की इथे प्यादे लढले की शिकते. प्रत्येक झुंजीतून त्याच्या पदरी अनुभव जमा होतो, तो शंभर झाला की ते एक पायरी वर चढते. बळ, चपळाई, धीर, नशीब यांपैकी काहीतरी वाढते. आणि जे लढत नाही, ते जिथल्या तिथे राहते.

या शेवटच्या वाक्याकडे मी पहिले पंधरा दिवस लक्षच दिले नाही.

मला या खेळाचे वेड का लागले, याचे खरे कारण मात्र चतुरंगात नाही. ते आमच्या चाळीच्या अंगणात आहे. दिवाळीच्या आधी आम्ही किल्ला करायचो. माती, दगड, विटा, गोणपाट. उतारावर अळीव पेरायचे, चार दिवसांत हिरवे रान उभे. मग बाजारातून मातीची चित्रे येत. सिंहासनावरचे महाराज, भाले घेतलेले मावळे, तोफा, एखादा वाघ, आणि कुणास ठाऊक का, एक पोलीस. मावळे कुठे उभे करायचे हा भावांचा अधिकार. दरवाजावर किती, बुरुजावर किती, चोरवाटेवर कोण, यावर त्यांच्या तासन्‌तास मसलती चालत. मी आणि शेजारची माझी मैत्रीण, आमच्याकडे माती वाहण्याचे आणि अळिवावर पाणी शिंपडण्याचे काम. एकदा मी एक मावळा उचलून तळ्याकाठी ठेवला, तर भावाने काही न बोलता तो परत जागेवर नेऊन ठेवला. खोक्यातून काढताना दर वर्षी एक-दोन मावळ्यांचे हात मोडलेले असत. त्यांना टाकून देत नसत. बुरुजाच्या मागे, पाहायला येणाऱ्यांच्या नजरेस पडणार नाहीत असे उभे करीत.

पलंगावर पाय उशीवर ठेवून मी पहिल्यांदा पडद्यावरचा एक शिपाई उचलला आणि मला हव्या त्या घरात ठेवला, तेव्हा मला कोणी अडवले नाही.

माझ्याकडचा खेळ म्हणजे त्याच मालिकेतला, 2012 सालचा 'फायर एम्ब्लेम अवेकनिंग'. सुरुवातीलाच तो विचारतो, कोणत्या पद्धतीने खेळणार? सौम्य पद्धतीत पडलेला शिपाई पुढच्या लढाईला धडधाकट परत येतो. कडक पद्धतीत मेला तो मेला; त्याचे नाव यादीतून जाते, त्याचे पुढचे बोलणे जाते, ज्या मैत्रिणीशी त्याचे सूत जुळत होते ती एकटी राहते. मी अर्थातच कडक पद्धत घेतली. शाळामास्तरणीला सौम्य पद्धत कशी शोभेल?

आणि मग पहिला शिपाई मेला तशी मी यंत्र बंद करून तो अध्याय पहिल्यापासून सुरू केला. दुसऱ्यांदाही तेच. एकदा तर एका घोडेस्वार पोरीसाठी मी एकच लढाई सात वेळा लढले. भाचा वैतागून म्हणाला, "मावशी, मग कडक पद्धत घेतलीसच कशाला?" त्याचा स्वभाव वेगळा. 'एक्सकॉम' नावाच्या दुसऱ्या एका खेळात शिपायांना आपल्याला हवी ती नावे देता येतात. याने सगळ्या नातेवाइकांची नावे दिली आहेत. परवा त्याने फोन करून सांगितले, "मावशी, काल तू गेलीस. काकांना वाचवताना. फार चांगलं मरण आलं." त्या खेळात मेलेल्यांची नावे लावलेली एक भिंत असते म्हणे. मी तिथे आहे.

त्याला गणिताची आवड, म्हणून त्याने मला एक गुपित सांगितले. वार करण्याआधी पडद्यावर आकडा येतो, की हा घाव लागण्याची शक्यता शेकडा नव्वद. मॅट्रिकला मी गणितात काठावर सुटलेली, म्हणून मी त्या आकड्यावर गुमान विश्वास ठेवत होते. पण या मालिकेत 2002 सालच्या खेळापासून एक लबाडी शिरली. यंत्र एकाऐवजी दोन आकडे मनात धरते आणि त्यांची सरासरी काढते. त्यामुळे जिथे नव्वद लिहिलेले असते तिथे घाव खरे म्हणजे सुमारे अठ्ठ्याण्णव वेळा लागतो, आणि जिथे दहा लिहिलेले असते तिथे जेमतेम दोनदा. का? तर माणसाला नव्वद म्हणजे 'नक्कीच' वाटते, आणि खराखुरा नव्वद त्याला अन्याय वाटतो. हे ऐकून मला त्या जपानी मंडळींचे कौतुक वाटले. काठावरच्या पोराला दोन गुण वाढवून देणारा प्रत्येक मास्तर हीच लबाडी करत आला आहे.

आता पातेल्याची गोष्ट.

खेळात काही अध्याय गेल्यावर एका खेड्यात दरोडेखोर शिरतात आणि तिथला एक शेतकऱ्याचा पोरगा आपल्याकडे धावत येतो. नाव डॉनेल. शिरस्त्राण नाही म्हणून डोक्यावर स्वयंपाकाचे पातेले घातलेले. बोलणे गावंढळ, हातात भाला, अंगात बळ नाही. शत्रूने एकदा जोराने घाव घातला की संपला. आणि खेळाची अट अशी की त्या एका लढाईत तो निदान एक पायरी वर चढला, तरच पुढे आपल्या सैन्यात येतो. नाही तर तो आपल्या गावी आणि आपण आपल्या वाटेने.

मी काय केले? त्याला मागे ठेवला. सर्वांच्या पाठीमागे, कोपऱ्यात, बाण पोचणार नाही अशा घरात. माझ्याकडे फ्रेडरिक होता. हा सरदार पहिल्या अध्यायापासूनच इतका तयार की त्याला पुढे सोडले की तो एकटाच रान साफ करतो. त्याच्या जिवावर मी तोवरच्या लढाया जिंकल्या होत्या. तीही जिंकले. कोणी मेले नाही. मला धन्य धन्य वाटले. आणि लढाई संपल्यावर तो पोरगा आभार मानून आपल्या खेड्यात राहिला.

भाच्याला सांगितले तेव्हा तो हसू लागला. "अगं, या खेळातला तो सर्वांत मोठा हिरा! नीट वाढवला तर पुढे फ्रेडरिकलाही मागे टाकतो. तू त्याला लढूच दिलं नाहीस?"

"मरेल म्हणून मागे ठेवला."

"मागे ठेवलास तर वाढणार कसा? आणि तुझा तो फ्रेडरिक, त्याला आता असल्या किरकोळ शत्रूंकडून शिकण्यासारखं काय उरलंय? तो नुसते घास खातो दुसऱ्यांच्या तोंडचे."

मग त्याने मला युक्ती शिकवली. थोराने शत्रूला अर्धमेला करायचा, पण मारायचा नाही. शेवटचा घाव या पोराला घालू द्यायचा. मी पुन्हा ती लढाई मांडली. पहिल्या वेळी तो दुसऱ्याच चकमकीत मेला. त्यापुढच्या वेळी माझ्या फ्रेडरिकने अवचित जास्तच जोराचा घाव घातला आणि शत्रू त्याच्याच हातून गेला. या खेळांतली खरी कठीण गोष्ट शत्रू नव्हे, हे मला तेव्हा उमगले. शत्रू जिंकता येतो. पण वेळ थोडा, घरे थोडी, खेळ्या मोजक्या. त्या कुणाला द्यायच्या? तयार असलेल्याला दिल्या तर आज जिंकता येते. कच्च्याला द्याव्यात तर तो मरण्याची भीती. आणि बारा-पंधरा अध्यायांनंतर लक्षात येते की पुढे दोघे-तिघे बलाढ्य झाले आहेत, आणि बाकीची फौज नुसती त्यांच्या मागून चालते आहे.

कादंबरीतही माझे असेच होते. एका समीक्षकाने लिहिले होते की लेखिकेचे नोकर-चाकर चहा आणून ठेवतात आणि कायमचे निघून जातात. पण ते असो.

चौथ्या की पाचव्या प्रयत्नात डॉनेल पायरी चढला. मी पलंगावर एकटीच टाळ्या वाजवल्या.

पाय बरा झाला, शाळा सुरू झाली. मग एक दिवस यंत्राची डाव्या अंगठ्याखालची गोल कळ निसटली. भाच्याने फोनवर सांगितले, कल्याणला स्टेशनबाहेर पश्चिमेला एक मुलगा बसतो, असल्या जुन्या वस्तू तोच करतो. म्हणजे गाडीतल्या त्या बाईला मी सांगितलेले खोटे शेवटी खरे झाले.

दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. हातभर फळी, भिंग लावलेला दिवा, मोबाइलांचे सांगाडे. आत मान घालून बसलेल्या पोरग्याने वर पाहिले आणि उभाच राहिला. "बाई! तुम्ही मला ओळखलं नसेल."

ओळखले होते. नाव आठवायला क्षण लागला, पण जागा लगेच आठवली. खिडकीकडची रांग, शेवटचा बाक. दिव्याहून गाडीने यायचा, पावसाळ्यात हटकून उशीर. सहावी आणि सातवी अशी दोन वर्षे तो माझ्या वर्गात होता. त्याला वाचता येत नसे असे नाही. एकेका अक्षराला बोट लावून, जोडाक्षरापाशी अडखळत, घाम फुटेपर्यंत वाचे. पुढे नववीनंतर शाळेतून गेला, एवढेच कानावर होते.

त्याने बारीक स्क्रू एका बाटलीच्या झाकणात काढून ठेवले. हात इतके हलके की मला माझ्या खडूची आठवण झाली. मी तो दाबून दाबून मोडते. मोबाइलच्या पडद्यावर त्याने कसला तरी नकाशा काढला आणि त्यावरची इंग्रजी अक्षरे वाचू लागला. बोट लावून. ओठ हलवत. मी दुसरीकडे पाहिले.

काही बोलायचे म्हणून मी विचारले, "आमची शाळा आठवते का रे?"

"आठवते ना. मराठीचा तास आवडायचा मला." मान खाली ठेवूनच तो म्हणाला, "बाकीचे सगळे उठवायचे वाचायला. तुम्ही मला कधीच उठवलं नाहीत, बाई. फार बरं वाटायचं."

हे त्याने कृतज्ञतेने म्हटले. त्यात टोमणा शोधण्याचा मी नंतर पुष्कळ प्रयत्न केला, नव्हता. दोन वर्षे, आठवड्याला पाच-सहा तास, मी त्या मुलावर दया केली. धडा पुढे सरकायचा असे, पहिल्या बाकावरच्या तिघी हात वर करून बसलेल्या असत, त्या झरझर वाचीत. परीक्षक आले तरी मी त्यांनाच उठवी. निकाल चांगला लागे. आणि हा मागे, कोपऱ्यात, बाण पोचणार नाही अशा घरात.

कळ बसली. तिची चाचणी घ्यायला त्याने खेळ सुरू केला आणि विचारले, "हा डोक्यावर पातेलं घेतलेला कोण?"

"शेतकऱ्याचा मुलगा," मी म्हटले. "आता बराच तयार झालाय."

तो पैसे घेईना. मी रागावले तेव्हा घेतले, आणि माझ्या आग्रहावरून पावती लिहून दिली. पावतीत माझ्या आडनावातली वेलांटी चुकली होती आणि 'दुरुस्ती'तला 'रु' दीर्घ होता. लाल पेन माझ्या पर्समध्ये होते. मी पावती घडी करून ठेवून दिली.

कल्याण ते डोंबिवली, मध्ये ठाकुर्ली एवढेच एक स्टेशन. तेवढ्यात यंत्र उघडण्यात अर्थ नव्हता.

भाचा आता म्हणतो, मालिकेतला 2019 सालचा 'थ्री हाउसेस' खेळ. त्यात खेळणारा स्वतःच शिक्षक असतो. तीन तुकड्यांपैकी एक निवडायची, मुलांना शिकवायचे, चहाला बोलवायचे. मग पाच वर्षांनी युद्ध पेटते आणि ज्या तुकड्या आपण निवडल्या नाहीत त्यांतली मुले शस्त्रे घेऊन समोर येतात. त्यात चूक झाली तर काळ मागे फिरवण्याची विद्याही ठरावीक वेळा मिळते. मी नको म्हणून सांगितले. दिवसभर वर्गात उभे राहून संध्याकाळी पुन्हा वर्ग कशाला?

सध्या माझ्या सातवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर असाच एक मुलगा आहे. गेल्या आठवड्यात मी भाच्याची युक्ती करून पाहिली. वाक्याचा लांबचा, अवघड भाग मी वाचला आणि शेवटचे तीन शब्द त्याला वाचायला सांगितले. पहिले वाक्य त्याने पुरे केले. दुसरेही. तिसऱ्यात 'निःश्वास' आला. माझे लक्ष नव्हते, तो माझ्या वाट्याला घ्यायला हवा होता. तो अडला, पुन्हा अडला, आणि पहिल्या बाकावरची एक मुलगी हसली. मग सगळा वर्ग हसला. मी ओरडले तेव्हा वर्ग गप्प झाला, पण तो खाली बसला होता, मी न सांगता. धडा अर्धाच राहिला.

दुसऱ्या दिवशी हजेरीला त्याचे नाव घेतले. उत्तर आले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी मुख्याध्यापकांकडून पत्ता घेतला, मुंब्र्याच्या पलीकडचा. त्या संध्याकाळी तिकडे जाणार होते, तर चौथ्या दिवशी सकाळी तो आला. ताप होता म्हणाला. असेलही. माझ्याकडे न पाहता तो आपल्या बाकावर जाऊन बसला. त्या दिवशी मी त्याला उठवले नाही.

सोमवारी पुन्हा मराठीचा तास आहे. धडा मी घरी तीनदा वाचला, जोडाक्षरांखाली पेन्सिलने रेघा मारल्या, आणि कोणती वाक्ये त्याच्यासाठी ठेवायची त्यांवर बारीक खुणा केल्या.